सूर्य अर्धा तास आधी उगवला तो दिवस

ऊनवाले निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी सूर्य मावळला की त्यांचे पाय आपोआप फाटकाकडे वळत. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं, ते म्हणजे ऊन मोजायचं. हवामान केंद्राच्या कुंपणात एका चौथऱ्यावर काचेचा भरीव गोळा बसवलेला होता, चांगला मोठ्या संत्र्याएवढा. त्याच्यामागच्या खाचेत पुठ्ठ्याची निळी पट्टी सरकवायची. दिवसभर ऊन गोळ्यातून पट्टीवर पडायचं आणि तिच्यावर एक जळकी रेघ ओढत जायचं. ढग आला की जळणं थांबलं. संध्याकाळी जळकी पट्टी काढायची, उद्यासाठी कोरी घालायची आणि जळलेली रेघ मोजून लिहायचं, आज इतके तास ऊन. उन्हाळ्यात लांब वाकडी पट्टी, हिवाळ्यात आखूड, मधल्या दिवसांत सरळ. झालं. एवढ्यावर या माणसाने संसार केला!

स्वतःच्या लग्नात पाहुणे जेवायला बसले तेव्हा नवरदेव गायब होते. सायकल मारत पट्टी बदलायला गेले होते.

"मला वाटलं पळून गेले," त्यांची बायको अजून सांगते. "म्हटलं, बरं झालं, लवकर कळलं."

तर अशा माणसाची लेक पुढे काय होणार? सौरऊर्जेची इंजिनियर झाली. गावाबाहेरच्या माळावर सौर प्रकल्प उभारायचा की शंभर मैलांवरच्या दुसऱ्या जागेवर, हे ठरवायचं काम तिच्या कचेरीकडे आलं. उन्हाळ्याचा प्रश्नच नव्हता, तेव्हा माळ तव्यासारखा तापतो. हिवाळाही ठीक होता. सगळं अडलं होतं पावसाळ्यावर. ढगांच्या त्या चार महिन्यांत इथे खरंच किती ऊन मिळतं, हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येईना. तेव्हा लेक म्हणाली, "माझ्या बाबांकडे एकतीस वर्षांच्या पट्ट्या आहेत." केंद्रात नवं यंत्र आल्यावर जुन्या पट्ट्या रद्दीत निघाल्या होत्या. ऊनवाल्यांनी रीतसर परवानगी काढून त्या घरी आणल्या आणि बिस्किटांच्या डब्यांत भरून पलंगाखाली ठेवल्या. पलंगाखाली आता झाडू शिरत नसे. लेकीने महिनाभर त्या चाळल्या आणि स्वतःच्या नावावरचा पहिला अहवाल लिहिला.

रविवारी तिच्या मुख्य इंजिनियर बाई पट्ट्या स्वतः बघायला घरी आल्या. ऊनवाल्यांना सकाळपासून आनंदाने काही सुचत नव्हतं. त्यांनी दोनदा दाढी केली. बाई खुर्चीत टेकतात न टेकतात तोच त्यांनी सुरुवात केली, "एकतीस वर्षांत एकही दिवस चुकला नाही! ताप असो, संप असो, पट्टी म्हणजे पट्टी!"

"छान," बाई म्हणाल्या. "आम्हाला तेच हवंय. कारण बघा, एक जरी पट्टी खोटी निघाली ना, तर मला सगळेच डबे बाजूला ठेवावे लागतील. मग विश्वास कशावर ठेवायचा?"

ऊनवाल्यांना चहाचा ठसका लागला.

कारण एक पट्टी खोटी होती. सव्वीस वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, संध्याकाळी ते जळकी पट्टी काढून कोरी घालणार, तोच बायकोला कळा सुरू झाल्याचा निरोप आला. ते धावले इस्पितळात. रात्र गेली, दुसरा दिवसही गेला, आणि ऊनवाले बिनखिडकीच्या बोळात येरझाऱ्या घालत राहिले. उतरत्या दुपारी मुलगी झाली. संध्याकाळी ते तरंगतच केंद्रात पोचले, तर गोळ्यामागची खाच रिकामी! नियमाप्रमाणे 'नोंद नाही' असं लिहायचं. पण अशा दिवशी? ही पोरगी जन्माला आली त्या दिवशी ऊन नसेल, तर मग कधी असणार? त्यांनी पिशवीत राहिलेली बायकोची विणकामाची सुई केंद्रातल्या चहाच्या शेगडीवर तापवली आणि कोऱ्या पट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फर्रकन रेघ ओढली. आपले पाय घोट्यापर्यंत चिखलात बरबटलेत, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. वही भरून सही झाल्यावर चार दिवसांनी बायको म्हणाली, "काय धो धो कोसळत होता हो त्या दिवशी!"

आणि आता त्या एका रेघेपायी लेकीचा पहिला अहवाल बुडणार होता.

"मी जरा चष्मा आणतो," म्हणून ते आत सटकले. नाकावर चष्मा होताच. पलंगाखाली पालथे पडून त्यांनी तो डबा ओढला, ती पट्टी हुडकली आणि सदऱ्याच्या खिशात कोंबली. उठताना पलंगाचा दांडा डोक्यात बसला, तो त्यांनी मुकाट सोसला.

बाहेर आले तर बाई अहवाल उघडून बसल्या होत्या. "एक विचारायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणता एकही दिवस चुकला नाही. पण तुमच्या मुलीने एका तारखेपुढे 'नोंद नाही' असं लिहिलंय."

ऊनवाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेक खिडकीबाहेर बघत ओठ दाबून हसत होती. म्हणजे कार्टीला सगळं माहीत होतं! आता गप्प बसलं असतं, चुकून राहिली असेल म्हटलं असतं, तरी निभावलं असतं. पण तिने आपल्यावर पांघरूण घालावं आणि आपण त्याखाली लपावं, हे त्यांच्या जिवाला झेपेना. त्यांनी खिशातून पट्टी काढून टेबलावर ठेवली.

"ही खोटी आहे. मी सुईने जाळली. पोरीला बोल लावू नका. तिने खरं तेच लिहिलंय."

बाईंनी पट्टी उजेडात धरली. तिच्यावरची रेघ त्यांनी बोटाने तासातासाने मोजली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. "अहो, हे चौदा तास ऊन आहे! दिवसच सव्वातेरा तासांचा होता. त्या दिवशी सूर्य अर्धा तास आधी उगवला की काय?"

"आणि मावळायचं नाव घेईना," लेक म्हणाली. "त्याच दिवशी पाऊस नव्वद मिलिमीटर. बाबा, तुम्हाला निदान एखादा ढग तरी काढता आला नाही?"

"मला काय माहीत पाऊस होता ते! मी आत होतो!"

"तारीख कसली आहे ही?" बाईंनी विचारलं.

"माझ्या जन्माची," लेक म्हणाली.

बाई डोळे पुसत, हसत म्हणाल्या, "ज्या माणसाला खोटं इतकं वाईट जमतं, त्याच्या बाकीच्या अकरा हजार पट्ट्या खऱ्याच असणार." त्यांनी अहवालावर सही केली, 'नोंद नाही' हे शब्द तसेच ठेवले, आणि खोटी पट्टी लेकीच्या हातात दिली. ऊनवाल्यांना रडावं की नाचावं कळेना, म्हणून त्यांनी सगळ्यांना पुन्हा चहा केला आणि त्यात दोनदा साखर घातली.

माळावर आता सौर पॅनेलच्या रांगा चमकतात. ऊनवाले रोज संध्याकाळी तिथवर फिरायला जातात आणि वाटेत जो भेटेल त्याला थांबवून फुशारकी मारतात, "एकतीस वर्षांत एकच दिवस चुकला माझा. विचार, कुठला!"