आईला दिसतं

शाळेच्या फाटकाशी आईने डोळे मिटले. शेठच्या पुतण्याने तिचं मनगट धरलं आणि तिला पायऱ्यांवरून आत नेलं.

मी तेव्हा नववीत होते. गावच्या सरपंचाची निवडणूक होती. मतदान आमच्याच शाळेत, म्हणून आम्हाला सुट्टी. मी फाटकाबाहेर उभी राहून बघत होते. माझ्या आईला दिसतं. खाडीच्या चिखलात खेकड्याचं बीळ कुठे आहे ते तिला लांबून दिसतं. तरी ती ठेचकाळत चालली होती. तसं चालायचं हे तिला टेम्पोत बसवतानाच सांगितलेलं होतं.

रांगेतल्या एकाने पुतण्याला विचारलं, "काय रं, यांची नजर परत कवा येते?"

पुतण्या म्हणाला, "मटन वाढलं का येते."

रांग हसली. आईसुद्धा हसली. डोळे मिटलेलेच.

आम्ही कातकरी. पनवेल तालुक्यात, डोंगर आणि खाडीच्या मधल्या पट्ट्यात आमची वाडी आहे. झोपड्या आमच्या, पण त्यांच्याखालची माती शेठची, असं शेठ म्हणतो. वाडीतून डांबरी रस्त्यावर यायची पायवाटही त्याच्या शेतातून जाते. विमानतळ आल्यापासून त्या मातीचा भाव काय झाला ते आम्हाला कोणी सांगत नाही. पण शेठच्या घरची माणसं वाडीकडे आता वेगळ्या नजरेने बघतात.

म्हणून वाडीचं मत शेठचं. धडधाकट पुरुषांना, माझ्या बापालाही, कितवं बटण दाबायचं ते सांगतात. ज्यांचा भरवसा नाही त्यांना आंधळं करतात. ज्याला दिसत नाही त्या मतदाराला सोबती आत नेता येतो आणि बटण सोबती दाबतो. तसा नियमच आहे. शेठकडे सोबत्यांची कमी नाही. आई एकदा ग्रामसभेत उठून पाण्याच्या टाकीबद्दल बोलली होती. त्याच्या पुढच्या निवडणुकीपासून ती आंधळी.

बारावीनंतर मी पनवेलच्या कॉलेजात आले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वर्गात मी खिडकीकडच्या बाकावर बसते आणि शक्यतो बोलत नाही. बोलले की माझं 'नाय' बाहेर पडतं आणि कोणीतरी वळून बघतं.

राज्यशास्त्राचे सर अध्यक्षीय पद्धत शिकवत होते. काही देशांत लोक थेट अध्यक्ष निवडतात. आपल्याकडे राष्ट्रपतीला आपण मत देत नाही, पंतप्रधानालाही थेट देत नाही. सर म्हणाले, "एका माणसाला थेट प्रमुख म्हणून निवडायचं, ही गोष्ट तुमच्यातल्या खेड्यातल्या मुलांना अनुभवायला मिळते. थेट सरपंच. तुमच्या गावची ती अध्यक्षीय निवडणूकच समजा. यंदा कोण कोण पहिल्यांदा मत देणार?"

मी हात वर केला. अर्धाच.

माझ्या शेजारी करंजाडेची एक मुलगी बसते. चांगली आहे, मला नोट्स देते. ती हळूच म्हणाली, "मज्जा आहे यार तुमची. पप्पा सांगतात ना, वाड्यांवर इलेक्शनला फुल पार्टी असते."

ती वाईट बोलली नव्हती, म्हणून जास्त लागलं. मला तिला सांगायचं होतं. त्याऐवजी मी उभी राहिले आणि सरांना विचारलं, "सर, एखाद्याचं मत दुसऱ्यानेच दिलं तर?"

सर म्हणाले, "ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी सोबत्याची सोय आहे. चांगली तरतूद आहे ती. बस."

मी बसले. पण त्यांचा एक शब्द डोक्यात राहिला. थेट. माझ्या आईने सरपंचाला कधीच थेट मत दिलं नव्हतं. तिच्या आणि बटणाच्या मध्ये कायम एक हात होता.

त्या वर्षी सरपंचपद बाईसाठी राखीव झालं आणि शेठची सून उभी राहिली. समोर गावातलीच दुसरी एक बाई होती, शिवणकाम करणारी. मतदानाच्या दोन दिवस आधी पुतण्या वाडीत आला. वाडी त्याला दादा म्हणते, मीही म्हणायचे. तो मोटरसायकलवरून उतरला नाही.

"काय गं, कालेजात जातेस ना?"

"हो."

"मंग या टायमाला आयशीचा हात तूच धर. बाहेरचा मानूस कशाला? सोबती म्हनून सही तुजी. बटन तुला ठाव हाय."

तो हसला. "शिकलीस त्याचा कायतरी उपयोग होऊदे. आनि घर कुठं बांधलंय ते इसरू नको."

तो गेला तरी मी तिथेच उभी होते. तोपर्यंत मला वाटायचं, मी शिकतेय म्हणजे मी त्या रांगेतून बाहेर पडले. आता कळलं. माझ्यासाठी जागा काढून ठेवलेली होती. आईचं मनगट धरणारा हात आता माझा असणार होता. माझी सही होती ना, चांगली वळणदार.

संध्याकाळी आई भाकरी थापत होती. मी तिला सांगितलं.

"धर मंग," ती म्हणाली. "येका दिसाची गोष्ट. वाट बंद केली तर लाकडाची मोळी कुठून आनू?"

मी विचारलं, "तुला मत कोणाला द्यायचंय?"

तिचा हात थांबला. "मला? मला कवा कोनी इचारलं नाय."

"मी विचारतेय."

"आता इचारलंस तर इचार करावा लागंल," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. जरा वेळाने म्हणाली, "भाकर करपली तुज्यामुलं."

मी काय करणार ते मलाही ठरवता आलं नव्हतं. वाट तिची होती. मोळी तिच्या डोक्यावर होती. मी पनवेलला निघून जाणार, मागे तिलाच राहायचं होतं.

मतदानाच्या सकाळी टेम्पो आला. शाळेच्या फाटकाशी आईने डोळे मिटले आणि मनगट माझ्यापुढे केलं. सवयीने. मी ते धरलं. तिचं मनगट घामाने ओलं होतं.

आत टेबलामागे केंद्राध्यक्ष मॅडम होत्या, कुठल्यातरी शाळेतल्या शिक्षिका असाव्यात. भिंतीशी बाकावर उमेदवारांचे प्रतिनिधी बसले होते. त्यांत दादा होता. मॅडमनी एक कागद माझ्याकडे सरकवला. "सोबती तुम्ही का? इथे सही करा."

मी पेन उचललं. कागदावर छापलेलं होतं की या मतदाराला दिसत नाही. मी ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"मॅडम, आईला दिसतं."

माझा आवाज फार बारीक निघाला. मॅडम म्हणाल्या, "काय?"

"तिला दिसतं. मी सही करणार नाय."

नाय, असंच म्हणाले मी.

दादा बसूनच बोलला, "घाबरलीय ती, मॅडम. पयलीच येल हाय तिची. म्हातारीला नाय दिसत, सगल्या गावाला ठाव हाय."

मॅडमनी आईकडे पाहिलं. "बाई, तुम्हीच सांगा. दिसतं का तुम्हाला?"

माझ्या हातातलं तिचं मनगट ताठ झालं. मला वाटलं, ती नाही म्हणेल. म्हणाली असती तर मी तिला दोष दिला नसता. तिने मनगट सोडवून घेतलं आणि डोळे उघडले.

"दिसतं," ती म्हणाली. "त्यो काय, दादा बसलाय."

कोणी हसलं नाही.

तिच्या बोटाला शाई लागली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती एकटी गेली. तिला वेळ लागला. दादा दोनदा म्हणाला, "काय करते ती आत?" मॅडम म्हणाल्या, "मत देतायत. तुम्ही शांत बसा." मग यंत्राचा आवाज आला. आई बाहेर आली. माझ्याकडे न बघता तडक दाराबाहेर गेली. तिने कोणाला मत दिलं ते मी आजवर विचारलेलं नाही.

मग मी माझं मत दिलं. आयुष्यातलं पहिलं. त्याचा आनंद घ्यायला मला फुरसत मिळाली नाही, कारण वळून बघते तर आमच्या शेजारचे आजोबा आत येत होते. डोळे मिटलेले. शेठच्या ड्रायव्हरने त्यांचा दंड धरलेला.

मी म्हणाले, "मॅडम, यांनाही दिसतं."

आजोबांनी डोळे उघडले नाहीत. मॅडम थकल्या होत्या. "तुमचं मत झालं ना? मग बाहेर व्हा. हरकत घ्यायची तर उमेदवाराच्या प्रतिनिधीने घ्यायची." समोरच्या बाकावर शिवणवाल्या बाईचा प्रतिनिधी खिडकीबाहेर बघत होता. पोलिसाने मला दार दाखवलं. ड्रायव्हरने बटण दाबल्याचा आवाज मी दारात ऐकला.

शेठची सून निवडून आली. त्याच आठवड्यात पायवाटेवर काटेरी तार लागली. आता आई मोळी घेऊन ओढ्याच्या अंगाने लांबून येते. वाडीतले काही जण माझ्याशी बोलत नाहीत. एक काकू आईला म्हणाली, "तुजी पोर पनवेलला जाती, तार आमच्या दाराला आली." ती खोटं बोलली नाही.

मी माफी मागितली नाही. मागणार नाही.

एका आईने डोळे उघडून भागत नाही हे मला त्या दारात कळलं. मतदार म्हणून मला तिथे मिनिटभर उभं राहता येतं. प्रतिनिधीला दिवसभर बसता येतं, आणि त्याची हरकत ऐकावीच लागते. प्रतिनिधी बसवायला उमेदवार लागतो. म्हणून पुढच्या वेळी वाडीचा उमेदवार उभा राहील. रविवारी घरी आले की मी एकेका झोपडीत जाऊन हेच बोलते. कुठे चहा मिळतो, कुठे दार लावून घेतात. मी पुढच्या रविवारी परत जाते.

पुढच्या मतदानाच्या दिवशी भिंतीजवळच्या बाकावर मी बसणार आहे. सकाळी पहिल्या मतापासून यंत्र बंद होईपर्यंत. मिटलेल्या डोळ्यांनी जो कोणी आत येईल, त्याच्या नावावर मी उभी राहून हरकत घेणार. तो माझा सख्खा बाप असला तरी.