मोकळी लाइन

सणसरच्या आमच्या ऑफिसात फोन एकच, आणि पुण्याला फाइल पाठवणारा मोडेमही त्याच लाइनवर. कॉम्प्युटर सांभाळणारे तात्या मूळचे टायपिस्ट. पुण्याचा फोन एंगेज लागला की कॉम्प्युटरने एक मिनिट थांबायचं, मग दोन, मग चार, मग आठ, असं त्यांनी बसवून दिलं होतं. मला त्या थांबण्याचा राग यायचा. तात्या म्हणायचे, "सारखं लावून लाइन मोकळी हुती व्हय?"

त्यांची बायको बारामतीच्या दवाखान्यात होती. एका दुपारी त्यांनी तिथं फोन लावला, तर तो एंगेज येऊ लागला. तात्या घड्याळ बघत तसेच थांबले. एक मिनिट, दोन, चार. मलाच राहवेना.

"तात्या, लावत राहा की!"

"न्हाय. तितनं कुणी आपल्यालाच लावत आसंल तर?"

आठ मिनिटं भरायच्या आत फोन वाजला. तात्यांनी ऐकलं, "व्हय" म्हणाले आणि रिसीव्हर अलगद ठेवला. बायको गेली होती.

दारात चपला घालताना माझ्याकडं न बघता म्हणाले, "लाइन मोकळी हाय आता. तुमची फाइल लावा."