सासऱ्यांचं पिस्तूल

पिंपळवंडीच्या आमच्या मळ्यात बिबट्या येतो म्हणून मी पिस्तूल घेतलं, असं गावात बरेच जण समजतात. मी ते खोडून काढत बसत नाही. खरं कारण सांगितलं तर जास्तच वेडी ठरेन. कॉलेजात मला नेमबाजीची गोडी लागली होती, लग्नानंतर ती सुटली आणि मुलं मार्गी लागल्यावर, पन्नाशीत, मी पुन्हा पुण्याच्या शूटिंग रेंजवर जायला लागले. परवानाही निघाला. नवं पिस्तूल मात्र घ्यावंसं वाटेना. मला महायुद्धातलं हवं होतं, कुणीतरी जिवापाड सांभाळलेलं.

ते सापडलं जुन्नरच्या बाजारात. द्राक्षाच्या मांडवाची तार आम्ही ज्यांच्याकडून घेतो ते दुकानदार चाचा गप्पांत म्हणाले, "आमच्या अब्बांचं हाय ना एक. महायुद्धात फौजेतून आणलेलं, बत्तीस बोअरचं. पोरांना नको झालंय. बघता का ताई?"

दुकानाच्या वरच घर. चाचींनी कपाटातून फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेलं पिस्तूल काढलं. आधी गोळ्यांचं मॅगझिन काढून बाजूला ठेवलं, वरचा भाग मागे ओढून आत गोळी नाही हे मला दाखवलं आणि मगच मूठ माझ्याकडे करून ते पुढे केलं. मी बघतच राहिले. काळसर निळं लोखंड, कुठे गंजाचा ठिपका नाही.

"चाची, हे कुणी शिकवलं?"

"सासऱ्यांनी. आधी ह्यांनाच बोलवायचे, पण हे गच्चीवर पळायचे."

चाचा स्वतःच हसले. "आवाज लई व्हतो, राव! दिवाळीत मी कानात कापूस घालून गल्ल्यावर बसतो."

सासरे जाऊन कित्येक वर्षं झाली होती. चाची तरीही दर महिन्याला ते उघडून तेल देत होत्या. गोळी मात्र त्यांनी एकदाही झाडली नव्हती.

"मग इतकी वर्षं सांभाळलंत कशाला?"

"त्यांनी हातात दिलं व्हतं ना. गंजू कसं देनार?"

ते विकत घेऊन माझ्या नावावर करायची सरकारी परवानगी मिळायला वेळ लागला. मिळाल्यावर कारागिराकडून ते तपासून घेतलं आणि रेंजवर न्यायच्या दिवशी दोघांना बरोबर चला म्हटलं. मला वाटलं नको म्हणतील. चाची तर डबा भरून तयारच होत्या.

चाचा पार्किंगच्या पुढे आलेच नाहीत. आत मी पाच गोळ्या झाडल्या, पाचही डावीकडे गेल्या. ट्रिगर भलताच जड होता. मागून हळूच आवाज आला, "मी मारू का एकदा?"

मी प्रशिक्षकांकडे बघितलं. त्यांनी चाचींना चष्मा दिला, कानांवर आवाज अडवणारे कप चढवले आणि ते त्यांच्या पाठीशी उभे राहिले. चाचींनी ओढणीची टोकं कमरेला खोचली, दोन्ही हातांनी पिस्तूल धरलं. बार झाला. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"लागलं का?"

"लागलं. पण खाली, कागदाच्या कोपऱ्यात."

"म्हंजी लागलं की!" आणि त्यांनी अजून गोळ्या मागितल्या.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मीच उचलला. चाचा विचारत होते, "झालं का तुमचं?"

"थांबा चाचा, चाची मारतायत."

पलीकडे गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मग, "कोण? आमची?"

दोन मिनिटांत ते दारात हजर, दोन्ही कानांत बोटं घालून. शेवटची गोळी सुटेपर्यंत त्यांनी बोटं काढली नाहीत, पण नजरही हलवली नाही.

परत येताना मंचरला चहाला थांबलो. चाचा चहावाल्याला सांगत होते, "हिनं आज पिस्तूल चालवलं." त्याला ते खरं वाटेना. चाची बिस्किट बुडवत गालात हसत होत्या.

आता आम्ही महिन्यातून एकदा जातो. चाचींच्या गोळ्या हळूहळू मधे सरकायला लागल्यात. माझ्या अजून डावीकडेच जातात.