बिभीषणतात्यांची चार नखं

बिभीषणतात्यांचा पुतण्या अमृत चाकणला कंपनीत लागला आणि त्याची गिटार आमच्या वस्तीवर तात्यांच्या घरीच राहिली. आधी ती खुंटीवर होती, मग खाटेवर आली आणि उन्हाळा लागेपर्यंत तात्यांच्या मांडीवर.

तात्या मोबाईलवर बघून शिकायला लागले. सगळ्या तारा एकदम खरडणं त्यांना पटेना. "पत्र्यावर खराटा मारल्यागत वाटतं," म्हणाले. त्यांना आवडला तो नुसत्या बोटांनी वाजवणारा माणूस. अंगठ्याने खर्जातला ठेका धरायचा आणि पुढच्या तीन बोटांनी वर गाणं वाजवायचं. "एकटाच हाय, पर दोघं बसल्यागत वाटतं," हे तात्यांनी पारनेरच्या बाजारात भेंडी घेतानासुद्धा सांगितलं. भेंडीवालीने "व्हय का" म्हणून काटा पुढे केला. तात्यांना तसं वाजवायचं होतं. एकच चाल, पण पहिल्यापासून शेवटापर्यंत, न अडखळता.

पण तात्यांचा हात धारेचा. म्हैस पिळून पिळून चारी बोटांना एकदम मिटायची सवय. एक बोट हललं की बाकीची वरातीला निघाल्यासारखी त्याच्या मागे. मोबाईलमधला माणूस गोड आवाजात म्हणायचा, "आराम से, दोस्तों, आराम से." तात्या त्याला तिथल्या तिथे विचारायचे, "तुझ्या घरी म्हैस हाय का?"

मग त्या माणसाने नखं वाढवायला सांगितली. उजव्या हाताची, म्हणजे सूर खणखणीत लागतो. तात्यांनी अंगठ्याचं आणि पुढच्या तीन बोटांचं नख वाढवलं, कानशीने घासून गोल केलं. दूध केंद्रावर फॅट बघणाऱ्या सुनीलच्या नजरेतून ते सुटलं नाही. सुनील बोलताना मध्येच 'विषय संपला' म्हणतो, आणि खरा विषय तिथून सुरू होतो.

"तात्या, लोकं करंगळीचं नख वाढवत्यात. तुमी करंगळी सोडून सगळी वाढवली. विषय संपला. नेलपालिश कंचं आणू?"

"वाजवायला लागत्यात रं."

"म्हशीला इचारलं का पर?"

म्हशीला विचारलं नव्हतं. ही म्हैस एका हाताची. तात्यांशिवाय कुणी कासेला हात लावला की पाय झाडायची. त्यामुळे तात्या कुणाच्या लग्नालाही मुक्कामाला जात नसत, आणि का जात नाही ते मोठ्या मानाने सांगत. "न्हाई ओ जमत. ती माझ्याबिगर पिळूच देत न्हाई."

सडाला नख टोचलं तशी तिने बादली उडवली. तात्यांनी नुसत्या डाव्या हाताने धार काढून बघितली. त्याला फार वेळ लागायला लागला, तशी ती पान्हा चोरायला लागली. बादली अर्ध्यावर आली.

लंकाकाकू, म्हणजे तात्यांची बायको, 'ऐका' हा शब्द शेवटी म्हणतात, सगळं बोलून झाल्यावर.

"नखं तरी काढा न्हाईतर म्हैस तरी इका. ऐका."

"चाल बसत आलीय गं. अर्धी बसली."

"बादलीबी अर्धीच भरती."

तात्या नेलकटर घेऊन ओट्यावर बसले. अंगठ्याच्या नखाला लावलं, परत काढलं, पुसलं, परत लावलं. काकू भाकरीची परात घासत ते बघत होत्या. परात घासून झाली तरी नख तसंच.

"अंगातला शर्ट काढा," काकू म्हणाल्या.

"कशाला?"

"काढा म्हन्ते ना. ऐका."

शर्टाला वैरण, घाम आणि विडीचा वास होता. काकूंनी तो साडीवरून घातला, तात्यांचं उपरणं डोक्याला गुंडाळलं आणि बादली उचलली. त्यांच्या माहेरी बाप्या गावाला गेला की बाया अशीच धार काढायच्या.

तात्यांना हसू आवरेना. "पारडी हुती तवापासून वळखती ती मला. शर्टाला भुलती व्हय?" बनियनवरच ते गोठ्याच्या दाराशी येऊन उभे राहिले.

म्हशीने काकूंची बाही हुंगली. मग चाटली. काकू खाली बसल्या.

"आता मारंल लाथ," तात्या म्हणाले.

धार पत्र्यावर वाजली.

"हां, आता मारंल."

धारेचा आवाज जाड होत गेला. फेस काठाला आला.

"चोरलं असंल थोडं."

"सगळं दिलं."

"माझ्यागत न्हाई देनार."

"तुमच्यागतच दिलं. शर्ट तुमचाच हाय की."

तात्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवायला पुढे झाले. काकूंनी मान न वळवता सांगितलं, "नखं घिऊन हिकडं येऊ नका. जावा, वाजवा जावा."

तात्या ओट्यावर गेले. गिटार मांडीवर घेतली. मग अंगठ्याने ठेका धरला. बोटं आज एकेक करून उठत होती. जिथे नेहमी गाडी अडायची तिथून चाल पुढे गेली, वळली आणि शेवटाला पोचली. कुठे अडखळली नाही. तात्यांनी तारांवर तळवा ठेवला.

"झालं का?" काकूंनी गोठ्यातून विचारलं.

"झालं."

"समदं?"

"समदं."

"मंग हिला वैरन टाका. त्याला काय नखं आडवी येत न्हाईत."

तात्यांनी कडब्याची पेंढी उचलली आणि गोठ्यात गेले. म्हशीने मान वर केली, पेंढीकडे बघितलं आणि खायला लागली.