नाव नको, अक्षरं चालतील

रविवारी सकाळी पंचवटीत मंदिरासमोर अण्णांनी नव्याकोऱ्या गाडीत बसायला चक्क नकार दिला... तोही पूजा आटोपत आलेली असताना.

अण्णा म्हणजे माझा वर्गमित्र माधव याचे वडील. वकिली सोडून बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून कोर्टातलाच. एकेकाळी त्यांच्याकडे सेराफिना नावाची गाडी होती... परदेशी, लांबलचक, मोतिया रंगाची. मुंबईच्या एका अशिलाकडून जुनी घेतलेली. ती गल्लीत शिरली की आम्ही मुलं क्रिकेट थांबवून भिंतीला चिकटून उभी राहायचो.

पुढे ती सारखी बंद पडायला लागली. अण्णा काशीला गेले असताना माधवने ती एका एजंटला विकून टाकली आणि ते परत आल्यावर "भंगारात गेली" एवढंच सांगितलं. अण्णा काही बोलले नाहीत. ते न बोलणंच माधवला आजवर टोचत होतं.

मधल्या काळात कंपनीनेही ते नाव बंद केलं. महागड्या गाड्यांना नावाऐवजी नुसती मॉडेलची अक्षरं लावायची पद्धत आली. मी गाड्यांवर सदर लिहिते, आणि त्यात यावर भरपूर कुरकुर केलीय. डोकेदुखीच्या गोळीलाही याहून बरं नाव असतं, असं माझं मत. त्यामुळे कंपनीने 'सेराफिना' परत आणली तेव्हा माधवला पहिला फोन मीच केला.

त्याने शोरूममध्ये गाडी धड पाहिलीसुद्धा नाही. जुन्या गाडीशी तिचं काही म्हणजे काही जुळत नव्हतं... उंच, गुबगुबीत, बॅटरीवर चालणारी. पण मागे, मॉडेलच्या अक्षरांच्या जोडीला, नाव होतं, आणि ते वाचून त्याने बुक केली. अण्णांना द्यायची, एवढंच डोक्यात.

तर पंचवटीत हार चढला, नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली. गुरुजी म्हणाले, "अण्णा, आधी तुम्ही बसा." अण्णा गाडीभोवती फिरत मागे गेले, डिकीवरचं नाव वाचलं... आणि थबकले.

"हे नाव कुणी ठेवलं?"

"कंपनीनेच, अण्णा! तुमची सेराफिना परत आली," माधव हरखून म्हणाला.

"जिवंत माणसाचं नाव नातवाला देतात का आपल्यात?"

आम्हाला वाटलं, वय झालं... शुभदाने, म्हणजे माधवच्या बायकोने, त्यांचा हात धरला. तो त्यांनी हळूच सोडवून घेतला. "ती आहे. नामपूरला, एका कांद्याच्या व्यापाऱ्याकडे. चालू आहे. मी रिक्षाने घरी जातो."

  माधव हातात किल्ली धरून नुसता उभा. शेवटी गुरुजींनीच पूजेच्या रांगेतल्या मागच्या गाडीवाल्याला हात केला... "या तुम्ही पुढे, यांचं चालू द्या."

घरी गेल्यावर माधवने एकच विचारलं, "नाव काढलं तर बसाल?"

"बसेन. पलीकडची ती मॉडेलची अक्षरं राहू दे. अक्षरांना आजी-आजोबा नसतात."

इतकी वर्षं मी ज्यांच्यावर तोंडसुख घेतलं, त्या अक्षरांची बाजू अण्णांनी एका वाक्यात मांडली. 

मग शुभदाचा हेअर ड्रायर आणि नायलॉनचा बारीक दोरा. मी गोंद तापवला, माधवने नावामागून दोरा ओढला आणि ते निघून आलं. "नवीन गाडीवर पहिलं काम हे! शोरूमवाल्याला चक्कर येईल," शुभदा म्हणाली. अण्णा मात्र शांतपणे येऊन पुढे बसले. "चल. नामपूर."

नामपूरला व्यापारी अंगणातच होता. "या अण्णा! तुमनी गाडी बेस शे," अहिराणीत गाडी उत्तम असल्याचं सांगत त्याने शेडमधली ताडपत्री ओढली... आणि आम्ही बघतच राहिलो. मोतिया रंग तसाच. एक हेडलाइट मात्र दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा.

गावातले नवरदेव हिच्यातून मिरवतात म्हणे. आणि त्या एजंटकडूनच पत्ता मिळवलेले अण्णा मधूनमधून येतात, एक चक्कर मारतात, चहा घेतात आणि जातात. घरी सांगायचे, कळवणला एका जुन्या अशिलाकडे जातोय.

माधवचा चेहरा उतरला. "मला कधी सांगितलं का नाहीत?"

"विकताना तू मला विचारलं होतंस?"

आवाजात राग नव्हता. उलटतपासणीत विचारतात तसा सरळ प्रश्न. व्यापारी उगाच ताडपत्रीच्या घड्या घालत राहिला. माधव म्हणाला, "चुकलं, अण्णा."

अण्णांनी व्यापाऱ्याकडून किल्ली घेतली. मला वाटलं, आता स्वतः चालवणार. त्यांनी ती माधवच्या हातात ठेवली आणि डावीकडचं दार उघडून बसले. "चालव. क्लच जड आहे, जपून."

दोन-तीनदा खोकून गाडी सुरू झाली. मी मागच्या सीटवर होते. पुढे बाप-लेक गिअरवरून मोठमोठ्याने भांडत होते... "अरे, हळू सोड!" "सोडतोय ना, अण्णा!" गेली कितीतरी वर्षं या दोघांना मी एकमेकांशी इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

गाड्यांना नावं असावीत की अक्षरं, यावर मी पुन्हा लिहीनच, ते माझं कामच आहे. पण त्या मागच्या सीटवर मला जागा मिळाली... याबद्दल अण्णांचे, आणि ती गाडी भंगारात जाऊ न देणाऱ्या त्या माणसाचे, मनापासून आभार.