काचेपलीकडचा होकार

करोनात आमच्या अकोल्याकडच्या मालेगावच्या कार्यालयात दोन टेबलांच्या मधे पारदर्शक काच बसली. खरं तर ते प्लॅस्टिक, पण सगळे काचच म्हणतात. करोना गेला, काच राहिली. ती काढायला लेखी आदेश हवा, आणि तो आदेश कुणी काढायचा हे अजून ठरलेलं नाही.

समोर बसतात ते अकोल्याच्या वाटेवरच्या मेडशी गावचे. माझ्याहून वयानं मोठे, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणतो. पूर्वी आमचा तंबाखू-सुपारीचा खर्रा एका पन्नीतला, गप्पाही तशाच. काच आल्यावर त्यांचे नुसते ओठ हलताना दिसायचे आणि वर पंख्याची घरघर. सुरुवातीला मी "काय म्हणता?" विचारायचो. मग कंटाळलो. मान डोलावली की भाऊ खूश, मी मोकळा. या कलेत मी चांगलाच तरबेज झालो होतो, सांगायला लाज वाटते.

एका शुक्रवारी भाऊ बराच वेळ बोलले. मी तीनदा मान डोलावली, शेवटी हसलोही.

मंगळवारी ते टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आले.

"काल आले काहून नाही? मेडशीच्या स्टँडवर मालेगावच्या तीन गाड्या पाह्यल्या म्या. एकीतही तुमी नोते."

अकोल्याला त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. सोबत माणूस असल्याशिवाय दवाखाना घेत नव्हता. तो माणूस मी होतो.

"मले ऐकूच आलं नाही, भाऊ."

"मंग मान कायले हालवली?"

मी समोरची फाइल उघडली.

पुढच्या सोमवारची तारीख मिळाली. मी ताबडतोब, पण खुर्चीतूनच, काचेकडे तोंड करून ओरडलो, "या टायमाले मी येतो, भाऊ! सातच्या गाडीनं!"

भाऊंनी मान डोलावली. हसलेही.

सोमवारी मी मेडशीला उतरलो. स्टँडवर उभा राहिलो. अकोल्याच्या तीन गाड्या गेल्या, तेव्हा त्यांच्या घरी फोन लावला. वहिनी म्हणाल्या, "ते तं कालच गेले, पुतण्याले घेऊन. तुमाले नाही सांगतलं?"

त्या दिवशी माझं बोलणं त्यांना ऐकू आलं नव्हतं, की आलं होतं, हे मी अजून विचारलेलं नाही. ऑपरेशन छान झालं. आता काचेपलीकडून भाऊंना माझा चेहरा अगदी स्वच्छ दिसतो, आणि मला फाइलमधून मान वर करवत नाही.