आर्डिसची अकरा मिनिटं

आर्डिस टॉलिफसनला कॉफी विचारायची तर तीनदा विचारावी लागते. पहिल्यांदा ती म्हणते, "नको, आत्ताच झाली." दुसऱ्यांदा म्हणते, "उगीच कशाला त्रास?" तिसऱ्यांदा विचारलं की म्हणते, "बरं, अर्धा कप दे," आणि मग दोन पुरते कप पिते. हे तिचं एकटीचं खूळ नाही. ड्राय फोर्कमधली आम्ही जुनी माणसं सगळी अशीच. आमचे पणजे नॉर्वेहून मोंटानात आले तेच ही रीत घेऊन: पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा हावरट, आणि दोनदाच विचारून थांबणारा कंजूष. शहरातून नवी माणसं आली तेव्हा आमची पंचाईत झाली. ती बिचारी एकदा विचारतात, आपण नको म्हटलं की बशी उचलून आत नेतात.

मी लायल ब्रँडव्होल्ड. मुख्य रस्त्यावर माझं हार्डवेअरचं दुकान आहे. दुकानामागच्या शेडमध्ये गावची अँब्युलन्स असते, आणि एकोणतीस वर्षं ती मीच चालवत आलो. मागे रोग्यापाशी आर्डिस. पगार कुणालाच नाही. इकडे अँब्युलन्स गावानेच चालवायची असते. एके काळी आम्ही आठजण होतो. कुणी म्हातारं झालं, कुणी घर चांगल्या भावाने विकून सपाटीला गेलं, आणि उरलो आम्ही दोघं. मला गाडी चालवता येते आणि छाती दाबता येते. सुई, नळी, औषध हे सगळं तिचं. परवानाही तिचाच.

पोटापाण्यासाठी ती शाळेत स्वयंपाक करते. दर गुरुवारी राजमा आणि खिम्याची तिखट चिली, आणि तिच्यासोबत दालचिनीचे गोड रोल. बाहेरचे लोक हे ऐकून तोंड वाकडं करतात, खाल्ल्यावर दुसऱ्यांदा ताट पुढे करतात. पेजर एप्रनच्या नाडीला लावलेला असायचा. तो वाजला की डाव टाकून हात पुसत ती मागच्या दाराने पळत सुटायची, आणि पोरं आपापलं वाढून घ्यायची.

तिने हे का अंगावर घेतलं ते गावात सगळ्यांना माहीत आहे. तिचा नवरा नॉर्मन गवत कापताना ट्रॅक्टरवरून खाली कोसळला. तेव्हा आमच्याकडे अँब्युलन्स नव्हती. जिल्ह्याच्या गावाहून गाडी यायला बावन्न मिनिटं लागली, आणि ती बावन्न मिनिटं आर्डिसने त्याचं डोकं मांडीवर घेऊन काढली. त्याला पुरल्याच्या पुढच्या आठवड्यात तिने प्रशिक्षणाला नाव घातलं. गावाला स्वतःची गाडी मिळाली तेव्हा तिने मला घड्याळ लावून गावातल्या प्रत्येक घरापर्यंत पळवलं. सगळ्यात लांब डोंगराच्या धारेवरचं माझ्या आईचं घर: अकरा मिनिटं. कारण आर्डिस शेडच्या मागेच, दोनशे पावलांवर राहायची. चाकांवरचं जुनं पत्र्याचं घर, दारात झेंडू.

मग कुठल्याशा मासिकाने 'जाऊन राहावं अशी डोंगरातली छोटी गावं' म्हणून यादी छापली आणि तिच्यात आमचं नाव आलं. पाच वर्षांत गाव दुप्पट झालं. जिथे मेंढ्यांचं खाद्य मिळायचं तिथे आता योगासनांचा वर्ग भरतो. मी दिवसभर कुरकुरायचो आणि दिवसभर त्यांना फावडी विकायचो. माझं तोंड कुरकुरत होतं, गल्ला नाही.

दीड वर्षापूर्वी मे महिन्यात आर्डिसची जागा विकली गेली. ती जागा तिची नव्हतीच, फक्त वरचं पत्र्याचं घर तिचं. तिथे आता तीन मजली इमारत होणार होती. घर इतकं जुनं की हलवलं असतं तर मोडलं असतं. सप्टेंबरअखेर निघा, असं पत्र आलं. शेडमध्ये ऑक्सिजनची नळकांडी तपासता तपासता तिने ते मला वाचायला दिलं.

"दुकानावरची खोली रिकामी आहे," मी म्हणालो. "तिथे ये राहायला."

"नको. बघेन काहीतरी."

हे झालं पहिलं. मलाही कळलं, तिलाही कळलं.

जूनमध्ये प्रेंटिस नवराबायको तिसऱ्यांदा आले. कॅलिफोर्नियाची माणसं, दोघंही निवृत्त शिक्षक. आईचं घर त्यांना आवडलं होतं, पण निर्णय होत नव्हता. मला ते घर विकायचं होतं. आई गेल्यापासून ते माझ्या मानेवर बसलं होतं. मी आर्डिसला म्हटलं, रोल घेऊन ये. घरात दालचिनीचा वास असला की माणसाचं मन नरम होतं. जूडिथ प्रेंटिसकडे वही होती आणि वहीत प्रश्न. बर्फ किती? पाणी कुठलं? शेजारी कसे? अस्वलं कचरा उकरतात का?

"अस्वलं शेजाऱ्यांपेक्षा बरी," आर्डिस म्हणाली. "निदान हिवाळाभर झोपतात तरी."

वॉरेन मोठ्याने हसला. उंच, शिडशिडीत माणूस, खिडकीपासून हलायला तयार नव्हता. जूडिथ हसली नाही. तिने वहीचं पान उलटलं.

"ह्यांचं दोन वर्षांपूर्वी हृदयाचं ऑपरेशन झालंय," ती म्हणाली. "मला घाबरवायचं नाहीये कुणाला. पण रात्री-बेरात्री काही झालं तर अँब्युलन्सला किती वेळ लागतो?"

"अकरा मिनिटं," आर्डिस म्हणाली.

"आणि बर्फात?"

"बर्फात तेरा."

"अहो, आमच्या शहरात वीस लागतात," वॉरेन म्हणाला. "जूडी, मिटव ती वही."

ते पत्र आर्डिसच्या एप्रनच्या खिशात होतं. घडीचं टोक बाहेर आलेलं मला दिसत होतं. मी आईच्या स्वयंपाकघरातल्या नळाकडे बघत राहिलो, जणू तो गळत होता.

परत येताना गाडीत मी म्हणालो, "सांगायला हवं होतं."

"काय सांगायचं? मला घर नाही उरलं म्हणून तुम्ही घर घेऊ नका?" ती म्हणाली. "परक्यापुढे रडगाणं गायचं? आणि तू का नाही सांगितलंस? तुझं तोंड कुणी शिवलं होतं?"

मी खोलीचं पुन्हा काढलं.

"तुझा माल असतो तिथे. उगीच कशाला त्रास?" ती म्हणाली.

हे दुसरं. आता एकच बाकी होतं, आणि ते कधीही विचारता आलं असतं. घाई कसली, सप्टेंबर लांब होता.

प्रेंटिसांनी घर घेतलं. ऑगस्टमध्ये एक बाई दुकानात आली. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी खोल्या बघत होती. वरच्या खोलीतून डोंगर दिसतो, म्हणाली, द्याल का? मी हो म्हणालो. पहिल्याच विचारण्याला.

आर्डिसला मी ते सांगितलं नाही. तिला बेकरीत कळलं असणार. तरीही सप्टेंबरात ती दुकानात आली आणि सामान बांधायला पन्नास फूट दोर घेतला. पैसे दिल्यावरही काउंटरपाशी उभी राहिली. "अजून काही?" मी विचारलं. "नाही," म्हणाली आणि गेली. आठवड्याने परत आली आणि परत पन्नास फूट दोर मागितला.

"अख्खं घर बांधून नेतेस की काय?" मी म्हणालो.

"नेईन म्हणते," ती म्हणाली. आणि परत तशीच उभी राहिली.

खिंडीपलीकडच्या मर्टल गावात तिच्या चुलतबहिणीकडे तळघरात जागा होती. अडतीस मैल. माझ्याच ट्रकमधून आम्ही सामान नेलं. वाटभर टायरच्या साखळ्यांबद्दल बोललो.

शाळेच्या दिवशी ती गावात यायची, तेवढे दिवस सगळं ठीक चालायचं. रात्री आणि शनिवार-रविवारी पेजरला मी एकटा. जिल्ह्याला कळवलं; माणूस बघतो, असं उत्तर आलं. प्रेंटिसांना कुणी कळवलं नाही. वॉरेन खिळे घ्यायला यायचा, विचारायचा, "आर्डिस कशी आहे?" मी म्हणायचो, "मजेत." मला आता त्या शब्दाची शिसारी येते.

जानेवारीतला रविवार, सकाळचे नऊ. दारातला बर्फ काढताना वॉरेन पडला. फावडं माझ्या दुकानातलं. मी आधी आर्डिसला फोन केला, मग गाडी काढली. धारेवर मी वेळेत पोचलो, तेराच्या आतच. त्याचा काही उपयोग नव्हता. हृदयाला विजेचा झटका देणारं बोलकं यंत्र छातीला लावलं, तर ते म्हणालं, झटका देऊ नका, दाबत राहा. मी दाबत राहिलो. औषधांची पेटी शेजारी बर्फात होती, आणि तिला हात लावायची अक्कल नि परवाना दोन्ही खिंडीपलीकडे. ढगांमुळे हेलिकॉप्टर उडालं नाही. माझे हात थकले की जूडिथ दाबायची, तिचे थकले की मी. मधूनमधून ती रस्त्याकडे बघायची.

बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागे लागून आर्डिस आली तेव्हा अठ्ठावन्न मिनिटं झाली होती. तिने गुडघे टेकले, मानेला बोटं लावली, तरीही सुई लावली, औषध दिलं, सगळं रीतसर केलं. मग माझ्या हातांवर हात ठेवला आणि म्हणाली, "लायल, पुरे."

वाचला असता का? डॉक्टर म्हणाले, कदाचित हो, कदाचित नाही. आर्डिस तिथे असती तर चौदाव्या मिनिटाला औषध गेलं असतं, एवढं मला कळतं.

जूडिथ पायरीवर बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"तुम्ही अकरा मिनिटं म्हणाला होतात," ती आर्डिसला म्हणाली.

"हो," आर्डिस म्हणाली. "म्हणाले होते."

आर्डिसने माझ्याकडे नुसतं बघितलं असतं तरी चाललं असतं. तिने तेही केलं नाही. जूडिथला धरून आत नेलं, कॉफी ठेवली, विचारलं. जूडिथ म्हणाली, "नको." आर्डिस तिच्याजवळ बसली आणि थोड्या वेळाने परत विचारलं. मग परत. तिसऱ्यांदा जूडिथने कप घेतला आणि तेव्हा ती पहिल्यांदा रडली. मी दारात उभा होतो. मला कुणी विचारलं नाही.

दुपारी शेडमध्ये आर्डिसने फॉर्म भरला, पेटी पुसून जागेवर लावली. मी म्हणालो, "वरची खोली मी उद्यापासून बंद करतो. पाहुणे नकोत मला. तू ये राहायला."

"नको."

"आर्डिस, ये."

"नको म्हटलं ना."

रीतीप्रमाणे मी थोडा थांबलो. मग तिसऱ्यांदा विचारलं.

"नको, लायल," ती म्हणाली. "सप्टेंबरात विचारायचं होतंस."

तिने कमरेचा पेजर काढून गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि मर्टलला निघून गेली. मी शेडला कुलूप लावून दुकानात आलो, तर समोर दोराचं रीळ. पन्नास फूट, आणि आठवड्याने परत पन्नास फूट. तिचं सगळं सामान मीच ट्रकवर बांधलं होतं. वीस फूट लागला होता.